तीन पंखे आणि तळमजल्यावरचे चाचा

तळमजल्यावरच्या चाचांचं नाव मी इथे पहिल्याच ओळीत लिहिणार होते. "नाव-बिव काय टाकू नको, उद्या लोक पंखे घेऊन दारात उभे राहतील," असं तेच म्हणाले, म्हणून नुसतं चाचा लिहिते. आणि त्यांच्याबरोबर चाची. ज्या कॉम्प्युटरवर मी हे टाइप करते आहे तो त्या दोघांमुळे चालतो आहे, आणि मी अजून पनवेलमध्ये आहे तीही त्यांच्यामुळेच.

चाचांनी बावीस वर्षं आखातात एसीचे डक्ट बसवले. मोठ्या इमारतींच्या छतांतून पत्र्याचे चौकोनी बोगदे जातात आणि त्यांतून गार हवा फिरते, ते. चाचींनी तेवढीच वर्षं इथलं घर सांभाळलं. आता दोघं खाली राहतात आणि जिन्यावरची एक खोली मी भाड्याने घेतली आहे.

मी वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरून कुणी पाठवायला तयार नव्हतं. त्याचं रडगाणं इथे नको. ओळखीने पनवेलच्या एका फोटो स्टुडिओत लागले. आधी फोटो कापायचे, मग अल्बमची पानं लावायची, मग हळूहळू लग्नाचं शूटिंग जोडायला शिकले. मालक म्हातारे झाले, मुलाकडे राहायला गेले, स्टुडिओला कुलूप लागलं. भाऊ फोनवर म्हणाला, "ये मग आता घरी." मी म्हटलं, एक काम तरी माझं मी करून बघते. तो म्हणाला, "एक. ते जमलं तर राहा. नाही तर सरळ गाडीत बस."

ते एक काम लगेच मिळालं. उरणच्या रस्त्याला एक गाव आहे, तिथल्या आगरी घरातली हळद. आमच्याकडे हळद म्हणजे दहा बायका आणि एक वाटी. इथे हळदीला अख्खं गाव येतं, आणि लग्नापेक्षा हळदीच्याच शूटिंगची लोक जास्त वाट बघतात. शूटिंग दुसऱ्या एकाने केलं होतं, जोडायचं माझ्याकडे आलं. नवरीची आई, तिला मी काकी म्हणते, तिने बजावलं होतं, "रविवारी पूजा हाय. फिल्म दावायला मोठा पडदा सांगितलाय, सगल्या गावाला सांगितलाय. आमची फजिती करू नको गो."

आता कॉम्प्युटर. तो मी स्वतः जोडला. प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी चिप, जुना, कामोठ्याच्या एका दुकानातून आणलेला. कॅबिनेट, तीन पंखे आणि प्रोसेसरवर बसतो तो कूलर तेवढे नवे. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, एक स्क्रू बसवायचा, पुन्हा लावायचा. चार दिवस जेवणाचं ताटसुद्धा पलंगावर, कारण खाली सगळे भाग पसरलेले. पहिल्यांदा बटण दाबलं आणि लाइट लागले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. कॅबिनेटला कुंकू लावलं. नारळ मात्र जिन्यात जाऊन फोडला, पाणी उडायला नको म्हणून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तिने पहिलं काय विचारलं?

"काचेवरची पन्नी काढली तर नाही ना?"

"नाही काढली."

"काढू नोको माय. नवी वस्तू हाय, धूळ बसते."

आमच्या घरी पन्नी, म्हणजे नव्या वस्तूवर चिकटून येतं ते पातळ प्लास्टिक, कुणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट पन्नीत, सायकलची सीट पन्नीत, मिक्सरचं भांडं सोडून बाकी मिक्सर पन्नीत. लोखंडी कपाटाच्या आरशावरची पन्नीसुद्धा कित्येक वर्षं तशीच होती. त्यात तोंड धुक्यातल्यासारखं दिसायचं आणि आम्ही दोघी बहिणी त्यातच बघून वेणी घालायचो. त्यामुळे माझ्या कॅबिनेटच्या काचेवर पन्नी होती यात मला काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी हळदीचं काम जोडून झालं आणि मी रेंडर लावलं. रेंडर म्हणजे सगळे तुकडे, गाणी, रंग एकत्र करून एक पक्की फिल्म बनवणं. ते मशीन स्वतःच करतं, पण तेव्हा त्याला सगळ्यात जास्त कष्ट पडतात. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं टेंपरेचर दिसत होतं. सत्तर, ऐंशी, नव्वद. अठ्ठ्याण्णव झालं आणि खटकन सगळं बंद. खोलीत एकदम शांतता.

मला आधी वाटलं लाइट गेले. वर बघितलं तर छताचा पंखा फिरत होता.

पुन्हा लावलं, पुन्हा बंद. निम्म्यावरही जात नव्हतं. मग मी घाबरलेलं माणूस जे करतं ते केलं. सेटिंगमध्ये जाऊन कूलरचा पंखा आणि तिन्ही पंखे फुल करून ठेवले, कायमचे. कॅबिनेट थरथरायला लागलं. असा आवाज, की काकीचा फोन आला तर ती म्हणाली, "कुठं हाय गो तू? विमानतलावर?" मी म्हटलं, "नाही काकी, घरीच." "मग झाला का काम?" "होतंय," म्हटलं. होत नव्हतं. पंखे फुल असूनही मशीन निम्म्याच्या जरा पुढे जाऊन बंद पडत होतं. मी दर पाच मिनिटांनी त्याच्या पाठीला हात लावून बघत होते, जेवायचं विसरले होते, आणि मनातल्या मनात वाशीमच्या गाडीची वेळसुद्धा आठवून ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडली. चाचा. लुंगी, बनियन, हातात वर्तमानपत्र.

"बेटा, चक्की टाकलीस काय?"

"नाही चाचा. कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटर? मी चाचीला म्हटलं, वरच्या पोरीने पिठाची गिरणी काढली. ती म्हणते, बरं झालं, आता खाली उतरायला नको दळण घेऊन."

मी माफी मागायला लागले आणि मला रडूच आलं. रडत रडत सगळं सांगितलं. फिल्म, रविवार, पूजा, भाऊ. चाचांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते खाली बसून कॅबिनेटकडे बघत होते.

"याच्यात हवा येते कुठून?"

"पंखे आहेत ना."

"पंखे दिसतात मला. हवा येते कुठून?"

त्यांनी वर्तमानपत्राची एक बोटभर रुंद पट्टी फाडली आणि पुढच्या पंख्यासमोर धरली. पट्टी त्यांच्याकडे उडाली. दुसऱ्या पंख्यासमोर धरली, तिथेही तेच. मागच्या पंख्याशी धरली, तीही बाहेर.

"तिन्ही बाहेर फेकतायत," चाचा म्हणाले. "आत कोण आणतंय?"

माझा विचार सरळ होता. पंखा कशाला लावायचा? गरम हवा बाहेर काढायला. मग तिन्ही बाहेर काढणारे लावले, म्हणजे तिप्पट निघेल. हे सांगितल्यावर चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला.

"म्हणजे घराला तीन मोऱ्या केल्यास, आणि नळ एकपण नाय!"

खरं तर हवा आत येतच होती, पण फटींतून. माझी गॅसची शेगडी कॅबिनेटपासून दोन हातांवर. मागच्या फटींना तेलाचा चिकट थर बसला होता, आणि त्यावर हळद. चाचांनी बोट फिरवून वास घेतला. "कालची डाळ?" मी मान हलवली.

पुढचे दोन पंखे आम्ही काढून उलटे बसवले, म्हणजे हवा पुढून आत येईल आणि मागून बाहेर जाईल. कॅबिनेट शेगडीपासून खिडकीकडे नेलं. चाचींनी खालून जुना पायजमा पाठवला, त्याने सगळं पुसलं. मी देवापुढची अगरबत्ती आणली तेव्हा चाचा म्हणाले, "हां, हे कामाचं." तिथे आखातातही ते धूर सोडून हवा कुठून कुठे जाते ते बघत असत. अगरबत्ती पुढे धरली तर धूर सरळ आत शिरला आणि मागून एका रेषेत बाहेर आला. मला इतकं छान वाटलं की मी ते तीनदा करून बघितलं.

रेंडर लावलं. ऐंशी. नव्वद. शहाण्णव.

माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, "थांब, थांब. अजून मेलं नाय."

त्यांनी कॅबिनेटच्या पाठीमागे तळहात धरला. बराच वेळ तसाच. मग माझा हात ओढून तिथे धरला. "सांग, कशी हवा येते?"

"गार."

"गार. आणि आत काय लिहिलंय?"

"सत्त्याण्णव."

"आत आग लागलीय आणि धुराड्यातून गार वारा येतोय. हे कसं?" चाचा डोळे बारीक करून कूलरकडे बघत राहिले. "गरमी त्या चिपमधून वर चढतच नाय. मधे काहीतरी अडवतंय. पंखा कितीपण फिरव, त्याच्यापर्यंत गरमी पोचली तर तो बाहेर नेणार ना."

एवढ्यात मशीन बंद पडलं. चाचा म्हणाले, "बरं झालं. आता खोल."

कूलर काढायची मला भीती वाटत होती. चार स्क्रू, प्रत्येक थोडा थोडा सैल करायचा. चाचांनी बॅटरी धरली आणि मला बोलतं ठेवायला विचारत राहिले, वाशीमला काय पिकतं, तुझ्या आईला किती म्हशी. कूलर सुटला. उलटा केला. आणि तिथे, कूलरच्या तांब्याच्या तळावर, गुळगुळीत, ताणून बसलेली, कोपऱ्यावर जरा सुरकुतलेली पन्नी होती. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती पेस्ट मी त्या पन्नीवरच नीट पसरून लावली होती.

चाचांनी चष्मा वर केला. पन्नीवर बारीक लाल अक्षरांत इंग्रजी काहीतरी लिहिलं होतं.

"हे वाचलं नायस?"

"वाचता येत नाही तेवढं. मला वाटलं, गॅरंटीचं आहे. काढलं तर गॅरंटी जाईल."

चाचांना इंग्रजी खोक्यांवरचं येतं. बावीस वर्षं खोकीच वाचली. त्यांनी एकेक शब्द लावून वाचलं आणि मराठीत सांगितलं, "वापरायच्या आधी ही पन्नी काढा."

मी ओढणी तोंडावर घेतली. ओढणीच्या आत मी हसत होते की रडत होते मला सांगता येत नाही, दोन्ही असावं. चाचा जिन्याशी जाऊन खाली ओरडले, "अगं ऐकलंस काय? पोरीने इंजिनाला रेनकोट घातलेला!"

खालून चाचींचा आवाज आला, "पोरीला हसू नका! तुमच्या फ्रिजच्या दाराची पन्नी कोण काढणार? सात वर्षं झाली!"

"ती डिझाइन आहे," चाचा म्हणाले, पण हळू.

पेस्टची अर्धी नळी मी जपून ठेवली होती, तेवढं एक शहाणपण. जुनी पेस्ट पुसली, पन्नी सोलली. सोलताना जो चर्र आवाज झाला तो मला आजही आठवतो. मग आम्ही दोघांनी मिळून काचेवरचीही सोलली. चाचा म्हणाले, "आईला सांगू नको." अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा रेंडर लावलं. पंचावन्न. साठ. चौसष्ट. आणि तिथेच थांबलं. मी पंधरा मिनिटं त्या आकड्यावरून नजर हलवली नाही. मागे हात धरला तर हवा कोमट, चुलीजवळच्या भांड्यासारखी.

"आता हे बंद कर," चाचा म्हणाले. म्हणजे पंख्यांचा धडधडाट. मी म्हटलं, राहू द्या चाचा, फुलच बरे, काही झालं तर?

"काही झालं तर वाढतील. आत्तापासून कशाला पळवतेस त्यांना? आम्ही हॉटेलच्या डक्टमधे एवढी हवा सोडली असती तर गिऱ्हाइकांच्या टोप्या उडाल्या असत्या."

मग सेटिंगमध्ये गेलो. तिथे एक रेघ असते, किती टेंपरेचरला पंखा किती फिरणार याची, आणि तिच्यावरचे ठिपके ओढून वरखाली करता येतात. मी ती रेघ सरळ माथ्याला चिकटवून ठेवली होती. आता चाळीसपर्यंत अगदी हळू, साठला निम्म्याच्या आसपास, पंचाहत्तरच्या पुढे फुल, असं करायचं ठरलं. आवाज किती कमी करायचा ते चाची ठरवणार. त्या खाली पलंगावर आडव्या झाल्या, आणि मी वर एकेक ठिपका खाली ओढत होते.

"ऐकू येतंय?" चाचा जिन्यातून.

"येतंय! गिरणीच आहे!"

मी ठिपका खाली.

"आता?"

"आता शिवणाचं मशीन!"

"आता?"

बराच वेळ उत्तर नाही. चाचा म्हणाले, झोपली वाटतं. तेवढ्यात खालून, "आता घड्याळ ऐकू येतंय. राहू दे."

एक गोष्ट राहिली होती. टेंपरेचर जरा वर गेलं की पंखा एकदम जोरात, खाली आलं की एकदम मंद, पुन्हा जोरात. दम लागल्यासारखं. चाचांनी विचारलं, याला जरा थांबून वाढ म्हणून सांगता येत नाय काय? शोधलं तर खरंच तसा एक आकडा होता, किती सेकंद थांबायचं त्याचा. तो वाढवला आणि तेही गेलं.

त्या संध्याकाळी फिल्म पूर्ण झाली. मी ती शांत खोलीत पहिल्यांदा सुरुवातीपासून बघायला बसले, आणि तेव्हा एक गोष्ट कळली. हळदीत एक धवलारीण धवले म्हणते, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी. तो भाग मी पंख्यांच्या आवाजात जोडला होता आणि खाली बँडचं संगीत टाकलं होतं. आता ऐकलं तर धवलारणीच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. बारीक, जवळून येणारा, प्रत्येक ओळ अर्धा श्वास आधीच म्हणणारा. चित्रात बघितलं तर कॅमेरा नवरीच्या मागे होता आणि कोपऱ्यात काकीचे ओठ हलत होते. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती स्वतःशीच गात होती.

मी बँड काढून टाकला. तो बारीक आवाज थोडा वर आणला. शनिवारी सकाळी पुन्हा रेंडर लावलं आणि चक्क मशीन चालू ठेवून पोळ्या केल्या. पासष्टच्या वर गेलं नाही. दुपारी काकीचा दीर पेन ड्राइव्ह घेऊन गेला.

रविवारी मला जेवण गेलं नाही. पडद्यावर फिल्म अडकली तर, रंग उडाले तर, बँड काढला म्हणून काकी चिडली तर. संध्याकाळी मी चाचींच्या पलंगाच्या काठावर फोन हातात धरून बसले. फोन वाजला तेव्हा पलीकडे इतका कल्ला, की आधी काही कळेना.

"गो पोरी!" काकी ओरडत होती. "माझा आवाज कसा काय आला त्याच्यात? मी तर तोंडातल्या तोंडात बोलत होतो!"

"चुकलं का काकी? काढू का?"

"काढशील तर बघ! धवलारीण मला सांगते, आता तूच ये माझ्यासोबत. दोनदा लावला तो भाग. आता तिसऱ्यांदा मागतायत. आन ऐक, माझ्या नणंदेच्या पोराची हळद हाय दिवालीनंतर, ती तुझीच."

फोन ठेवला. चाचींनी माझ्यासमोर खिमा-पावची ताटली सरकवली. मी दोन पाव संपवून तिसरा घेतला. मग भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे. राहा." आणि थोड्या वेळाने, "आम्हाला पण पाठव ना बघायला."

पुढच्या आठवड्यात चाची वर आल्या. माझ्या खोलीत त्या कधी येत नाहीत, गुडघे दुखतात. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत ऑडिओ कॅसेट. चाचा आखातात होते तेव्हा फोन परवडत नसे आणि पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते कॅसेटमध्ये बोलून पाठवायचे. कुणी सुट्टीवर गावी निघालं की त्याच्या बॅगेत एक. जुना टेपरेकॉर्डर बिघडला, तेव्हापासून चाचींनी एकही ऐकलेली नाही. काहींना बुरशी लागली आहे. एकीची फीत बाहेर आली आहे आणि त्यांनी ती सेफ्टी पिनला गुंडाळून ठेवली आहे.

"तुझ्या मशीनमधे हे येईल काय गं?" त्यांनी विचारलं. "घाई नाय. आणि यांच्यासमोर लावू नको, उगाच लाजतील."

मी उचलून बघितल्या. हे कसं करतात मला आज ठाऊक नाही. बुरशी पुसायची कशाने, चालू टेप कुठे मिळेल, खरखर काढताना माणसाचा आवाज खरवडून निघाला तर काय, सगळी भीतीच आहे. पण कूलर कसा बसवतात तेही ठाऊक नव्हतं. डबा मी शेगडीपासून लांब, कोरड्या जागी, कपाटात वर ठेवला आहे. तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या, फुकट मिळालेल्या कॅसेटवर मी हात बसवते आहे.

चाची, मी शब्द देते. एक दिवस तुम्ही तुमच्या पलंगावर आडव्या असाल आणि मी वरून विचारीन, "ऐकू येतंय?" आणि चाचांचा तिशीतला आवाज तुमच्या खोलीत बोलत असेल, अगदी स्वच्छ. तेवढं मी करणारच आहे.